कंट्रोल क्रमांक सात

आईबापांनी ठेवलेलं त्याचं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. लॅबमध्ये सगळे त्याला पापुद्रे म्हणत. माणसाच्या मांसाचे तो इतके पातळ काप काढायचा की कोणीतरी कधीतरी चेष्टेत हे नाव ठेवलं आणि ते आडनावासारखं अंगाला चिकटलं. बायकोसुद्धा रागात असली की म्हणायची, "पापुद्रेसाहेब, ताट वाढलंय, येताय की यंत्रावरच बसताय?" तो नुसता हसायचा. मनातून त्याला ते नाव आवडायचं, कारण त्यात कौतुक होतं आणि कौतुकाचा तो भुकेला होता.

त्याचं काम असं होतं. वरच्या मजल्यावर डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडातून नळी घालून पोटात बघत आणि संशय आला की तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा खुडून घेत. तो बाटलीतून खाली लॅबमध्ये येई, सोबत पेशंटचा कागद. पापुद्रे तो तुकडा मेणात बसवायचा, म्हणजे त्याचा ब्लॉक तयार व्हायचा. मग पात्याच्या यंत्रावर त्याचे काप, एकेक केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतका. कापांची फीत निघत असताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर आपल्याच फुंकरीने ती उडून जाते. सव्वीस वर्षं तो दिवसातून शेकडो वेळा श्वास रोखत आला होता. बायको म्हणायची की ही खोड घरापर्यंत आली आहे. काही विचारलं की हा आधी श्वास धरतो आणि मग उत्तर देतच नाही.

पापुद्रे वाईट माणूस नव्हता. वाईट माणसं निदान आपण काय करतोय तिकडे लक्ष तरी ठेवतात. हा बापडा भला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका बाईचा जीव जायला तेवढं पुरलं.

ती बाई म्हणजे लॅबची साफसफाई करणारी मावशी. एकोणीस वर्षं रोज सकाळी ती कपाटं पुसायची, ड्रॉवरच्या मुठी पुसायची, मग बादली सरकवत पापुद्रेच्या यंत्रापाशी यायची आणि म्हणायची, "पाय वर घ्या, भाऊ." तो यंत्रावरची नजर न काढता दोन्ही पाय उचलायचा, ती खालून फडकं फिरवायची. कधी टोमणा मारायची, "भाऊ, इतकं पातळ कापता, घरी वहिनींना भाजी चिरून देता का?" तो म्हणायचा, "मावशी, मी चिरलेली भाजी शिजवायला पातेल्यात सापडायची नाही." दोघं हसायचे. बायको सोडली तर त्याच्याशी थट्टा करणारं जगात दुसरं कोणी नव्हतं, आणि मावशीला सख्खा भाऊ नव्हता.

सहा वर्षांपूर्वी मावशीच्या पोटात जळजळ सुरू झाली. बरेच दिवस तिने ती पाण्यावर आणि औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या पातळ औषधावर काढली. शेवटी वरच्या नळीवाल्या डॉक्टरांना दया आली. दोन पेशंटच्या मधे त्यांनी तिला टेबलावर झोपवलं, नळी घातली, तुकडे घेतले आणि बाटली तिच्याच हातात देऊन सांगितलं, "खाली दे. कागद मी मागाहून पाठवतो." मावशीने बाटली कोटाच्या खिशात घालून आणली. वर चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं, "मावशी, लॅब."

कागदाशिवाय तुकडा घ्यायचा नाही, हा लॅबचा पहिला नियम. मॅडम, म्हणजे दुर्बिणीखाली स्लाइड बघून निदान करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई, या नियमाच्या बाबतीत फार कडक होत्या. पण मावशी समोर उभी होती. पापुद्रेने बाटली घेतली. "तुमचा ब्लॉक मी माझ्या हाताने करतो, मावशी. असा कापतो की बघत राहाल." आणि खरंच त्याने जीव ओतून काम केलं. फीत अखंड निघाली, एक सुरकुती नाही.

ती स्लाइड मॅडमनी दुर्बिणीखाली धरली आणि त्या खुर्चीत पुढे सरकल्या. लगेच खास रंग लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी रंगवलेली स्लाइड बघून त्यांनी पापुद्रेला हाक मारली. तो समोरच्या जोड-दुर्बिणीला डोळे लावून बसला. मावशी तिथेच फरशी पुसत होती.

"बघ," मॅडम म्हणाल्या. "अर्धा तुकडा निळा, अर्ध्यात तपकिरी टिंबं. जठरात हे तपकिरी असायलाच नको. प्रत्येक पेशीजवळ सगळ्या शरीराची वही असते. जठराच्या पेशीने जठराची पानं वाचायची, आतड्याची पानं मिटून ठेवायची. ह्या पेशंटच्या पोटात एक जंतू घर करून आहे. तो पेशीला चिकटतो आणि सुई टोचावी तसं आपलं प्रथिन तिच्या आत सोडतो. त्याने दाह सुरू होतो, तो काही थांबत नाही. त्यात भर म्हणून खालून पित्त उलटं येतं. अशी दहा-वीस वर्षं गेली की आत खटका पडतो. सीडीएक्स-टू नावाचं प्रथिन जागं होतं. आतड्यात त्याचंच राज्य, जठरात त्याला बंदी. इथे ते उठतं, आतड्याची पानं उघडतं, आणि जठराला जठर ठेवणारं जे दुसरं प्रथिन, ते गप्प होत जातं. मग जठर स्वतःला आतडं समजायला लागतं."

"जंतू मारला तर?" पापुद्रेने विचारलं.

"मारायचाच. चौदा दिवसांच्या गोळ्या. पण हे प्रथिन एकदा उठलं की स्वतःचंच जनुक चालू ठेवतं, जंतू गेला म्हणून ते लगेच बसत नाही. म्हणून मग ठरावीक काळाने नळी घालून बघत राहायचं. हा कॅन्सर नाही, त्याच्या वाटेवरचा मुक्काम आहे. बहुतेक लोक इथेच थांबतात. जो पुढे निघेल त्याला वेळेत पकडलं की नळीतूनच काढून टाकता येतं."

मावशी फडकं पिळता पिळता थांबली. "म्हणजे वाचतंय की ते माणूस. सांगितलं का त्याला?"

"अजून कागद आला नाही वरून," मॅडम म्हणाल्या. "आला की रिपोर्ट करू. कोणाचा आहे रे हा, पापुद्रे?"

इथे त्याने श्वास धरला. नाव घेतलं असतं तर विनाकागद बाटली का घेतली, हा प्रश्न आला असता. मॅडम मावशीदेखत त्याला बोलल्या असत्या. शिवाय पेशंटला निदान सांगणं डॉक्टरांचं काम, आपण कोण? आणि कागद तर आज-उद्या येणारच होता. भित्र्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती रांगेने येऊन उभी राहतात.

"कागद यायचाय," तो म्हणाला.

मॅडम खुशीत होत्या. "मावशी, ये, बघ तरी. रोज इथे फरशी पुसतेस, आम्ही काय बघतो ते कधी बघितलं नाहीस." मावशीने ओले हात कोटाला पुसले, वाकून डोळा लावला. बराच वेळ बघत राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "काठाकाठाने कशी नक्षी काढलीय. इतकं सुंदर असतं होय पोटात?"

पापुद्रेने मान खाली घातली आणि आपली पेन्सिल शोधायला लागला.

त्या सुंदरपणानेच घात केला. खास रंग लावताना तो नीट चढतोय की नाही हे कळायला पेशंटच्या तुकड्याशेजारी एक ओळखीचा तुकडा लावतात, त्याला कंट्रोल म्हणतात. ओळखीच्या तुकड्यावर रंग बरोबर आला तरच पेशंटचा निकाल खरा धरायचा. मावशीच्या ब्लॉकमध्ये निळं आणि तपकिरी शेजारी शेजारी होतं, त्यामुळे एकाच कापात रंग कुठे यायला हवा आणि कुठे यायला नको, दोन्ही कळायचं. मॅडम म्हणाल्या, "हा ब्लॉक कंट्रोलला ठेव. असा पुन्हा मिळायचा नाही." कंट्रोलच्या ब्लॉकवर पेशंटचं नाव ठेवत नाहीत. पापुद्रेने पेन्सिलीने सुबक अक्षरात लिहिलं, "क. ७", आणि तो खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. कंट्रोलच्या वहीत, जी तो सोडून कोणी उघडत नसे, त्याने नोंद केली: "क. ७, मावशी (लॅब), कागद येणे बाकी."

कागद आला नाही. नळीवाले डॉक्टर महिन्याभरात दुसऱ्या गावी गेले. पापुद्रे एकदा वर जाऊन विचारून आला. तिथल्या कारकुनाने खांदे उडवले. मावशीने विचारलं, "भाऊ, माझ्या पोटाचं काय निघालं हो?" तेव्हा तो यंत्रावर होता. त्याने फीत संपू दिली, मग म्हणाला, "काळजीचं असतं तर एव्हाना बोलावणं आलं असतं, मावशी." ती म्हणाली, "तेच म्हटलं. आपली माणसं असल्यावर कशाला घाबरायचं." आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेली. त्याने ठरवलं होतं की मॅडम एकट्या सापडल्या की सांगून टाकायचं. मॅडम रोजच एकट्या सापडत. दोन महिने ते त्याच्या मनात टोचत राहिलं, मग टोचायचं थांबलं. वर्षभराने क. ७ हा त्याच्या लेखी फक्त एक चांगला ब्लॉक होता.

सहा वर्षं तो क. ७ कापत राहिला. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. दर सकाळी मावशी त्या ड्रॉवरची मूठ पुसायची. तिचं जेवण कमी झालं, कोट ढगळ झाला, जिने चढताना ती मधे थांबायला लागली. "वय झालं, भाऊ," ती म्हणायची. तो म्हणायचा, "डबा नीट खात जा, मावशी." काळजीने म्हणायचा, हे सगळ्यात वाईट.

एके दिवशी सकाळी कापता कापता मेणातला तुकडा संपला. पात्याखालून नुसतं पांढरं मेण निघायला लागलं. कंट्रोल संपला की वहीत जुनी नोंद बंद करायची असते. पापुद्रेने चहा बाजूला ठेवला, वही काढली, क. ७ ची ओळ शोधली आणि स्वतःच्याच सुबक अक्षरातली नोंद वाचली.

"पाय वर घ्या, भाऊ," मावशी खालून म्हणाली.

त्याने पाय उचलले. ती वाकून पुसत होती आणि तिच्या मानेची हाडं त्याला एकेक मोजता येत होती. ती पुढे सरकली तरी त्याचे पाय वरच होते. ती हसली, "ठेवा आता खाली, अडकले का वरच?"

त्या दिवशी तो मॅडमच्या खोलीत गेला आणि एका दमात सगळं बोलला. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडायला माणूस आधी निर्दोष असावा लागतो आणि मॅडमनी त्या स्लाइडचं कौतुक तोंडभर केलं होतं. "आधी तपासणी होऊ दे," त्या म्हणाल्या. "मागचं उकरून आत्ता काय हाती लागणार? कदाचित काही नसेलही."

मावशीला सांगितलं की जुन्या कर्मचाऱ्यांची तपासणी आहे. ती हरखली. लेकीला फोन करून म्हणाली, "बघ, किती बघतात मला इथे." या वेळी कागद तीन प्रतींत भरला होता. त्यावर मावशीचं पूर्ण नाव होतं. पापुद्रेने ते वाचलं. एकोणीस वर्षांत त्याला ते माहीत नव्हतं.

तुकडे त्यानेच कापले. मॅडमच्या आधी त्यानेच दुर्बिणीखाली बघितले, कारण सव्वीस वर्षांत न शिकवता एवढं कळायला लागतं. ग्रंथी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, भिंती मोडून खाली घुसल्या होत्या. आठवड्याने मोठ्या मशीनवरच्या तपासणीत यकृतातही कॅन्सरचे डाग दिसले. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

मॅडमनी रिपोर्टवर सही केली. चष्मा काढून डोळे पुसले. मग पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला आणि काही वेळाने, सवयीने, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कडेच्या भागात जुना बदल अजून छान दिसतोय. क. ७ संपलाय ना? हा चालेल."

पापुद्रे "हो, मॅडम" म्हणाला. दुपारी तीन पेशंटच्या स्लाइड रंगवायच्या होत्या आणि कंट्रोलशिवाय रंग लावता येत नाही. त्याने पेन्सिलीने "क. ८" लिहिलं, ब्लॉक यंत्रावर चढवला आणि श्वास रोखला. फीत अखंड निघाली.

संध्याकाळी तो वॉर्डात गेला. मावशी खिडकीजवळच्या खाटेवर होती. लेक, शिवणाच्या कारखान्यात काम करणारी, आईचे पाय चेपत बसली होती. "हेच ते भाऊ," मावशी तिला म्हणाली. लेक उठली, एकुलती एक खुर्ची त्याला दिली. "आई तुमचंच नाव घेते सारखं. बसा, चहा आणते तुम्हाला." आणि ती खाली गेली.

"मावशी," तो म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी मॅडमनी तुम्हाला दुर्बिणीतून एक दाखवलं होतं. आठवतं?"

"नक्षी होती ते? आठवतं की."

"ते तुमचं होतं."

"माझं काय?"

"पोट. तुमच्या पोटाचा तुकडा होता तो."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"मी शेजारीच उभी होते."

"हो."

"मी विचारलं होतं, त्या माणसाला सांगितलं का म्हणून."

"हो, मावशी." मग त्याने कागदाचं सांगितलं, नियमाचं सांगितलं, ड्रॉवरचं सांगितलं. सांगताना त्यालाच ऐकू येत होतं की प्रत्येक गोष्ट किती छोटी आहे.

"म्हणजे मी मूठ पुसायचे तो ड्रॉवर?"

"तोच."

"किती जणांना लागला माझा तुकडा?"

आकडा वहीत होता, त्याला तो पाठ होता. "चारशे एकतीस."

"त्यांना सगळ्यांना कळवलंत, काय निघालं ते?"

"हो. रिपोर्ट गेले सगळ्यांना."

मावशीने पांघरुणाची कड सरळ केली. "आणि तो संपला म्हणालात. आता त्या जागी काय ठेवलंय?"

इथे खोटं बोलता आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलण्यात थोडी दया होती, आणि नेमकं तेव्हाच त्याला खरं बोलायचं सुचलं.

"तुमचंच," तो म्हणाला. "आज दुपारी."

बाहेरून चाकांच्या खाटेचा आवाज आला आणि गेला. लेक चहा घेऊन आली, कप त्याच्या हातात दिला.

"हे तुला काहीतरी सांगायला आलेत," मावशी तिला म्हणाली. "बस इथे. सांगा तिला. पहिल्यापासून सांगा, मला मधलं नीट समजलं नाही."

त्याने कप हातात धरून पुन्हा सगळं सांगितलं. तो थांबल्यावर लेकीने एकच विचारलं.

"गोळ्या किती दिवसांच्या होत्या म्हणालात?"

"चौदा."

"चौदाच?"

"हो. आणि मधून मधून नळी घालून बघायचं."

तिने आईकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे. "चौदाच दिवस," ती म्हणाली.

पापुद्रे कप खाली ठेवायला वाकला. कप कलंडला आणि चहा फरशीवर सांडला, त्याच्या बुटांपर्यंत पसरला. तो तसाच बसून राहिला. लेकीने खाटेखालचं फडकं ओढलं, गुडघ्यावर बसली आणि पुसत पुसत त्याच्या खुर्चीपर्यंत आली. तिथे थांबली, फडकं हातात धरून, खाली बघत.

"पाय वर घ्या, साहेब," मावशी म्हणाली.

त्याने पाय वर घेतले.